भाड्याचं घर, भाडेवाढ, डिपॉझिट, पागडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात फ्लॅटमध्ये, चाळीत नाहीतर वाड्यात भाड्याने राहणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतलेत, आणि जास्त भर मुंबई-ठाणे-पुण्यावर आहे कारण भाड्याची सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते. कोर्टात केस चालू असेल तर वकिलाला पर्याय नाही. पण वकिलापर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून सही करायच्या आधी काय बघायचं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा आहे ना? मग माझा ओनर दरवर्षी मनाला येईल तेवढं भाडं कसं वाढवतो?

कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पण आज फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक सगळे लोक लीव्ह अँड लायसन्सवर राहतात आणि त्यांच्या भाड्याला हा कायदा कुठलीही मर्यादा घालत नाही. पागडीवाल्या (म्हणजे घर घेताना एकरकमी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या) आणि जुन्या भाडेकरूंना भाड्यावर नियंत्रण, घरातून काढण्यावर नियंत्रण, वारसाहक्क हे सगळं मिळतं. तुम्हाला मिळतं फक्त तेवढंच जे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय, आणि म्हणूनच ११ महिने संपले की ओनर म्हणतो २० चे २४ करा नाहीतर घर सोडा, आणि ते बेकायदेशीर नसतं. चीड येते, मान्य आहे, पण हे आधी नीट डोक्यात घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं: तुमची भाडेवाढ रोखायची जागा कोर्ट नाही, ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आहे.

म्हणजे कायद्याने मी भाडेकरू नाहीच का?

बोलताना आपण सगळे भाडेकरूच म्हणतो, कायद्यात मात्र लीव्ह अँड लायसन्सवाला माणूस लायसन्सी असतो, म्हणजे त्याला ठरलेल्या मुदतीपुरती घर वापरायची परवानगी दिलेली असते, घरात हक्क तयार होत नाही. मुदत संपली की कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मागू शकतो आणि ती प्रक्रिया नेहमीच्या कोर्टापेक्षा बरीच फास्ट असते.

हे असं का झालं याला इतिहास आहे. १९७३ साली जुन्या मुंबई भाडे कायद्यात बदल करून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसन्सवर राहत होते त्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण दिलं गेलं. ज्यांना मिळालं त्यांचं भलं झालं पण घरमालकांनी धसका घेतला, घर दिलं की गेलंच असं समजून कित्येकांनी फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवले. १९९९ च्या कायद्याने लायसन्सच्या घराची मुदत संपल्यावर ताबा परत मिळायची खात्री दिली तेव्हा ती घरं हळूहळू बाजारात आली. आज तुम्हाला भाड्याने फ्लॅट मिळतोय यात या तरतुदीचा मोठा वाटा आहे, आणि तुमच्या डोक्यावर दरवर्षी रिन्यूअलची टांगती तलवार आहे तीही याच तरतुदीमुळे.

गिरगाव, लालबागला अजून १००-२०० रुपये भाड्याची घरं कशी काय आहेत?

मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या वेळी. मग १९३९ चा कायदा, आणि १९४७ चा मुंबई भाडे कायदा, ज्यात सप्टेंबर १९४० चं भाडं हा पाया धरला गेला. तेव्हा त्याची गरज होती, गिरणगावात एकेका खोलीत चार-चार बिऱ्हाडं राहत होती आणि मालक मागेल ते भाडं घेत होते. पण युद्धाच्या काळासाठी केलेली सोय पुढे पन्नास वर्षं तशीच चालली. महागाई वाढली, सिमेंट-लोखंड वाढलं, मजुरी वाढली, भाडं तिथेच. शेवटी १९ डिसेंबर १९९७ ला सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य केसमध्ये सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. जुना कायदा ३१ मार्च १९९८ ला संपणारच होता म्हणून कोर्टाने तो रद्द केला नाही, पण नवीन कायदा करणं भाग पडलं.

मालकाला भाड्यातून काही सुटत नाही म्हणून तो दुरुस्ती करत नाही, भाडेकरू म्हणतो मालकाची बिल्डिंग आहे मी का करू, आणि दोघांच्या मध्ये जिना खचत जातो. पावसाळ्यात जुनी इमारत पडल्याची बातमी येते तिच्यामागे बऱ्याचदा हीच गोष्ट असते. म्हणून "भाडं गोठवा" एवढीच मागणी मला अपुरी वाटते. भाडं आवाक्यात पाहिजे आणि इमारतही उभी राहिली पाहिजे, या दोन्हीचा विचार एकत्रच करावा लागतो.

पागडीच्या घराचं भाडं मालक किती वाढवू शकतो?

कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के. म्हणजे भाडं २०० असेल तर वाढ ८ रुपये. महापालिकेचा टॅक्स वाढला तर ती वाढ वेगळी मागता येते. इमारतीत सुधारणा किंवा बांधकामात बदल करायचे असतील तर ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि मग त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत वाढ घेता येते. यापेक्षा जास्त मागत असतील तर कोर्टाकडून प्रमाण भाडं (कायद्याने योग्य ठरणारं भाडं) ठरवून घेता येतं.

पागडी देणं-घेणं १९९९ च्या कायद्याने, कलम ५६ खाली, उघडपणे कायदेशीर झालं. त्याआधी सगळं काळ्या पैशातच चालायचं. घर दुसऱ्याला ट्रान्सफर करताना मालकाला ३३ टक्के द्यायची रीत मुंबईत आहे पण ती रीत आहे, कायद्यात तो आकडा नाही, त्यामुळे बोलणी करायला जागा असते.

मालक भाडंच घेत नाही, पावती देत नाही. काय करू?

गप्प अजिबात बसू नका. हा जुना डाव आहे, भाडं घ्यायचं टाळायचं आणि दोन-तीन वर्षांनी थकबाकीदार म्हणून दावा लावायचा. दर महिन्याला मनीऑर्डर करा नाहीतर चेक स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह पाठवा, मालकाने नाकारलं तर "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे आणि न दिल्यास दंड आहे.

समजा थकबाकीची नोटीस आलीच, तर नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत दावा लावता येत नाही, त्या आत पैसे भरून टाका. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासकट कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिलात तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. पण या मुदती फार कडक पाळल्या जातात. समन्स आलं की त्याच आठवड्यात वकील गाठा, गावाला जाऊन आल्यावर बघू असं करू नका.

पागडीचं घर बंद ठेवलं तर जातं का?

जाऊ शकतं. सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय घर वापरात नसेल तर मालक दावा लावू शकतो. मुलं उपनगरात गेली, म्हातारे आई-वडील गावी, खोलीला कुलूप, असं हजारो घरांचं आहे. लाईट बिल अगदी शून्य-युनिटचं येत असेल तर कोर्टात तेच दाखवलं जातं. घर वापरा, कोणीतरी राहू द्या, पण पैसे घेऊन परस्पर दुसऱ्याला देऊ नका, पोटभाडेकरू ठेवणं हे घर जायचं आणखी एक कारण आहे.

आणि वारसाचं विचाराल तर मूळ भाडेकरू वारला की त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. रेशनकार्ड, आधार, बँकेचा पत्ता हे सगळं त्या घराचं असलेलं बरं.

दुरुस्ती कोणी करायची?

मालकाने. त्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. आता १०० रुपये भाड्याचा चौथा हिस्सा वर्षाला ३०० रुपये, त्यात एक नळ बदलून होत नाही, त्यामुळे ही तरतूद कागदावरच राहते. मुंबई शहर भागात ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीच्या उपकरप्राप्त (ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा) इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येतात, तिथे अर्ज करता येतो. अशी इमारत विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली रीडेव्हलपमेंटला गेली तर राहत्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मालकीने मिळतं, आणि म्हणूनच तुमच्या पावत्या आज जपणं म्हणजे उद्याचं घर जपणं.

आता फ्लॅटकडे येऊ. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट नोटरी केलं तर चालतं ना?

नाही. नाही. नाही. कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, मग ते ११ महिन्यांचं असो की दोन महिन्यांचं. एका वर्षापेक्षा कमी असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही हा समज देशाच्या नोंदणी कायद्यातून आलाय, पण आपल्या राज्याचा नियम त्याच्यापेक्षा कडक आहे. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंट नसेल तर अटींबद्दल भाड्याने राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. ओनर "कशाला खर्च, नोटरी करू" म्हणाला तर त्याला हे वाक्य दाखवा, बहुतेक जण त्याच दिवशी रजिस्ट्रेशनला तयार होतात.

रजिस्ट्रेशनला खर्च किती येतो?

स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. उदाहरण घ्या, भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं २,२०,०००, व्याज धरलं ५,५००, एकूण २,२५,५०० आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५६४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वरती ऑनलाईन कागद हाताळणीचं थोडं शुल्क. बाकी एजंट सांगतो ते त्याचे घरी येऊन अंगठे-फोटो घ्यायचे चार्जेस असतात. सरकारी किती आणि त्याचे किती हे वेगवेगळं लिहून मागा, काही जण सगळं मिळून एकच मोठा आकडा सांगतात. खर्च कोणी भरायचा हे बोलीवर आहे, निम्मा-निम्मा ही जास्त पद्धत.

लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. हे खूप जणांना माहीतच नसतं.

भाडेवाढीपासून वाचायचं कसं मग?

मुदत वाढवून. ११ महिन्यांऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचं करा आणि वाढ आतच लिहून घ्या, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५ टक्के. २०,००० चे २१,००० आणि मग २२,०५०. ओनरला पण फायदा असतो, दरवर्षी घर रिकामं पडत नाही, नवीन माणूस शोधावा लागत नाही. ओनर हो म्हणाला तर लॉक-इन (ठरलेल्या काळाआधी करार मोडायचा नाही ही अट) दोन्ही बाजूंनी आहे का हे नक्की बघा. ब्रोकरच्या तयार ड्राफ्टमध्ये बऱ्याचदा लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर असतो, म्हणजे तुम्ही सहा महिन्यांच्या आत सोडलंत तर डिपॉझिट कट, आणि ओनर मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो. हे अन्यायाचं आहे आणि सहीच्या आधी हक्काने बदलून मागा.

"रिन्यूअल झालं तर ५ टक्केच वाढेल" असं ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये लिहून तितकासा उपयोग नाही, कारण ओनर रिन्यूच करत नाही म्हणाला की विषय संपला.

मुदत चालू असताना मध्येच भाडं वाढवलं तर?

द्यायचं नाही. ॲग्रीमेंटमध्ये नाही तर वाढ नाही. जुनंच भाडं त्याच तारखेला त्याच खात्यात ट्रान्सफर करा आणि व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा की करारानुसार भाडं भरलंय. भांडू नका, फोनवर तर नाहीच, जे काय ते लेखी.

मुदत संपली पण दुसरं घर मिळालं नाही, चार महिने तसंच राहिलो तर?

महागात पडेल. मुदतीनंतर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, म्हणजे भाडं २४,००० असेल तर महिन्याला ४८,०००. मालकाने अर्ज केला की समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, ती चुकली की थेट ताब्याचा आदेश. मुलांची परीक्षा, घरात आजारपण अशी अडचण असेल तर आधीच ओनरशी बोलून एक-दोन महिन्यांची वाढ लेखी घ्या, शक्यतो रजिस्टर करून.

उलट बाजूने, मालकाला तुमचं सामान स्वतःहून बाहेर काढता येत नाही, कुलूप बदलता येत नाही. पोलिसांनाही आदेशाशिवाय घर खाली करून देता येत नाही.

ओनरने पाणी किंवा लाईट तोडली तर?

कायद्याने संरक्षित भाडेकरूसाठी कलम २९ एकदम स्पष्ट आहे, पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यातलं काहीही मालक तोडू शकत नाही, कोर्ट ते तातडीने जोडून द्यायला सांगू शकतं. लायसन्सवाल्याने करार आणि भाडं भरल्याचे पुरावे घेऊन पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, आणि दिवाणी कोर्टातून मनाई मागावी. एक गोष्ट आधीच करून ठेवा: लाईट बिल दर महिन्याला तुम्ही स्वतः ऑनलाईन भरा, ओनरच्या हातात पैसे देऊ नका, म्हणजे "बिल थकलं म्हणून कट झाली" हे नाटक होत नाही.

डिपॉझिट किती घेऊ शकतात? दोन महिन्यांची लिमिट आहे असं वाचलंय.

ते केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, जो २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वतः स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, ज्यात लायसन्सच्या डिपॉझिटला मर्यादा नाही. म्हणून मुंबईत तीन ते सहा महिने सर्रास मागतात. माझं स्पष्ट मत आहे की निदान ही एक मर्यादा तरी महाराष्ट्राने ताबडतोब आणायला हवी, नोकरीला लागलेल्या पोराला २५ हजार पगारात लाखभर डिपॉझिट जमवायला लागतं तेव्हा त्याची सुरुवातच कर्जाने होते.

हेवी डिपॉझिटवर घर घ्यावं का? भाडं द्यावंच लागत नाही म्हणतात.

मी तरी सांगेन शक्यतो नकोच. पाच-दहा लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि सोडताना पैसे परत, ऐकायला भारी वाटतं. पण ते पैसे ओनर वापरून मोकळा झालेला असतो, सोडायची वेळ आली की पुढचा हेवी डिपॉझिटवाला मिळेपर्यंत थांबा म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे घर देणारा ओनरच नसतो, स्वतः भाड्याने घेतलेलं घर पुढे हेवीवर देऊन तो पसार होतो आणि खरा मालक तुमच्या दारात उभा राहतो. मुंबई-ठाण्यात अशा तक्रारी सतत होत असतात आणि फसलेले लोक बहुतेक साधे पगारदार असतात, गावची जमीन विकून पैसे आणलेले. घ्यायचंच असेल तर घराचा इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मेंटेनन्स बिलावरचं नाव तिन्ही जुळवा, बँकेचं लोन थकलंय का विचारा, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरीला भेटा, सगळी रक्कम बँकेतूनच द्या आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंटमध्ये पूर्ण आकडा लिहून घ्या. थोडी कॅश थोडा चेक म्हणाला की उठून या.

सोडताना डिपॉझिट देत नाहीत, पेंटिंग-क्लीनिंगच्या नावाने कापतात.

वापराने होणारी झीज राहणाऱ्याच्या माथी मारणं चूक आहे, भिंतीचा रंग दोन वर्षांत उतरणारच. पण ॲग्रीमेंटमध्ये "एक महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी" लिहिलेलं असेल आणि सही केली असेल तर मग बोलायला तोंड राहत नाही. म्हणून ती ओळ सहीच्या आधी काढा.

घरात शिरायच्या दिवशीच सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, नळ, टाईल्स, खिडक्या, गिझर, मीटर रीडिंग, आणि ओनरला पाठवून ठेवा. सोडताना परत तसंच. आणि ड्राफ्टमध्ये ही अट घाला: चावी देतानाच डिपॉझिट परत, आणि पैसे मिळेपर्यंत भाडं न देता राहायचा हक्क. मुंबईतल्या चांगल्या ड्राफ्टमध्ये ही अट असते आणि तिचा फार उपयोग होतो, कारण चावी हेच तुमचं एकमेव वजन आहे. एकदा चावी दिली की मग वकिलाची नोटीस आणि तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा हाच रस्ता उरतो.

ब्रोकरेज एक महिन्याचं द्यावंच लागतं का?

कायद्यात दर ठरलेला नाही, रीत आहे. अर्धा महिना, पंधरा दिवस, सगळं बोलून होतं. रिन्यूअलला परत ब्रोकरेज मागतात ते मात्र मला पटत नाही, घर तुम्ही आधीच शोधलेलं आहे, त्यात ब्रोकरने नवीन काय केलं? रिन्यूअल थेट ओनरशी करा. नुसतं घर दाखवायचे पैसे किंवा आधी टोकन पाठवा मग लोकेशन पाठवतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

सोसायटी म्हणते बॅचलर नको, किंवा नॉनव्हेज खाणारे नकोत.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत बॅचलरला घर देऊ नये असं कुठेही नाही. सभासदाने सोसायटीला आगाऊ कळवायचं, रजिस्टर्ड ॲग्रीमेंटची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. कमिटी आडवी आली तर ओनरने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करायची, पण ती ओनरलाच करावी लागते आणि तो सहसा शेजाऱ्यांशी वाईटपणा घेत नाही.

खाण्यावरून, जातीवरून, धर्मावरून घर नाकारणं हे जास्त खोल दुखणं आहे. खाजगी मालकाला यापासून थेट रोखणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये गुजरातमधल्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायची मुभा मान्य केली, त्याचाही आधार लोक घेतात. मुंबईत मासे खाणाऱ्या माणसाला "फूड हॅबिट काय" विचारून दार बंद केलं जातं, आडनाव ऐकून "घर गेलं" सांगितलं जातं. हे चूक आहे, कायद्याने बंद व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी आमदारांकडे मागणी करत राहायला हवं.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस माझ्याकडून मागतायत.

म्हणजे ओनर स्वतः घरात राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे. ते ओनरने भरायचे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि यात महापालिकेचा कर धरत नाहीत. मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स पण ओनरचेच, करारात उलट लिहिलं नसेल तर. पुण्यात आणखी एक बघा: टँकरचे पैसे. वाघोली, बावधन अशा भागात उन्हाळ्यात सोसायटी टँकरची वेगळी वर्गणी काढते, ती कोणाची हे आधीच लिहून घ्या, नाहीतर एप्रिल-मेमध्ये वाद ठरलेला.

ओनरने फ्लॅटच विकला तर?

लायसन्स नवीन मालकावर आपोआप बंधनकारक नसतं. म्हणून करारात लिहा की घर विकल्यास दोन महिन्यांची नोटीस आणि पूर्ण डिपॉझिट आधी परत. नवीन मालक ठेवायला तयार असेल तर त्याच्याशी नवीन ॲग्रीमेंट करा, आणि डिपॉझिट कोणाकडे आहे ते त्यात स्पष्ट येऊ दे.

भाडं वाजवी आहे की नाही कसं ठरवू?

फक्त भाड्याचा आकडा बघू नका. समजा भाडं २२,०००, ब्रोकरेज २२,०००, डिपॉझिट एक लाख, शिफ्टिंग १०,०००, ॲग्रीमेंटचा तुमचा हिस्सा ३,०००. अकराच महिने राहिलात तर ब्रोकरेजचे महिन्याला २,०००, शिफ्टिंगचे साधारण ९००, ॲग्रीमेंटचे पावणेतीनशे, आणि डिपॉझिट एफडीत ७ टक्क्यांनी असतं तर जे मिळालं असतं ते ५८० च्या आसपास. म्हणजे २२ हजारांचं घर खरं पडलं पावणेसव्वीस हजारांना. तेच घर तीन वर्षं टिकलं तर एकदाचे खर्च पसरतात आणि महिन्याला दोन हजारांच्या वर वाचतात. म्हणून पाचशे रुपये कमी असलेल्या घराच्या मागे दरवर्षी सामान हलवण्यापेक्षा थोडं जास्त भाडं देऊन लांब मुदतीचं घर घेतलेलं परवडतं.

बाजारभाव काढायचा तर त्याच बिल्डिंगचा वॉचमन आणि तिथे आधीच राहणारे दोन जण, यांना विचारा. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला आकडा असतो, ठरलेला नाही.

टॅक्सचं काय?

जुन्या टॅक्स पद्धतीत एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट) घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर ओनरचा पॅन लागतो, ओनर देत नसेल तर घर घ्यायच्या आधीच कळलेलं बरं. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर राहणाऱ्याने टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापायचा असतो, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्के झालाय.

गोव्यात पण हेच नियम आहेत का?

नाही, तिथे १९६८ चा वेगळा भाडे कायदा आहे. पणजी-म्हापशात घर घेताना तिथल्याच वकिलाला विचारा, महाराष्ट्राचा ड्राफ्ट तसाच वापरू नका.

वाद झालाच तर जायचं कुठे?

मुंबईत भाडे कायद्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, धोबी तलावला मुख्य कोर्ट आणि वांद्र्याला शाखा. पुण्यातही लघुवाद न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, भाडं भरल्याचं बँक स्टेटमेंट, आणि ओनरसोबतचे मेसेज तारखेप्रमाणे प्रिंट काढून न्या, नुसता मोबाईल दाखवून काम होत नाही.